शार्प पार्कचं जुनं गोल्फ मैदान: दुरुस्त करावं की पाण्याला परत द्यावं?

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, विषय लांबचा आहे पण मला तो इथेच मांडायचाय, कारण सार्वजनिक मैदानांचं करायचं काय हा प्रश्न आपल्या जळगाव-धुळ्याकडेही आहेच. लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो तेव्हा जावयाने मला शार्प पार्कला खेळायला नेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका म्हणून गाव आहे, तिथे अगदी समुद्राला लागून हे गोल्फ कोर्स. जमीन पॅसिफिकात पण मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेचं मैदान, फी भरा आणि खेळा, मेंबरशिप नाही, ओळख नाही, शिफारस नाही.

1932 ला सुरू झालं आणि आखणारा माणूस अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. हा मुळात डॉक्टर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात होता, तिथे शत्रू जमिनीच्या चढउतारात कसा लपतो ते त्याने बारकाईने पाहिलं आणि पुढे मैदानं आखताना तेच वापरलं, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, असे बसवायचा की वाटावं ते तिथे आधीपासूनच होते. जिथे गोल्फची मास्टर्स स्पर्धा होते ते ऑगस्टा नॅशनल त्याने नामवंत गोल्फर बॉबी जोन्सबरोबर आखलं, सायप्रेस पॉइंट हे मैदानही त्याचंच. या दोन्ही ठिकाणी मेंबरच्या बोलावण्याशिवाय तुम्हाआम्हाला खेळता येत नाही. शार्प पार्कला येतं. माझ्या पुढच्या ग्रुपमध्ये एक ड्रायव्हर, एक रिटायर्ड शिक्षिका आणि दोन कॉलेजची पोरं होती, आणि ते त्याच माणसाच्या हातच्या जमिनीवर खेळत होते.

पण अवस्था बघून जीव हळहळला. कडेची कापणी वर्षानुवर्षं आत सरकत गेली की ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, आकसतात, तसे इथे आकसलेत, पूर्वी कडेला झेंडा लावायच्या ज्या अवघड जागा होत्या त्या आता साध्या गवतात गेल्यात. काही बंकर बुजलेत. सायप्रसची झाडं वाढून फेअरवे, म्हणजे खेळाचे मोकळे गवती पट्टे, अरुंद झाले. सखल भागात चेंडू पडला की चिखलात रुतून बसतो. आणि तरी तिथे खेळताना कळतं की हे साधं मैदान नाही, एकाच होलवर, म्हणजे एका भोकापर्यंतच्या पट्ट्यावर, भित्र्या माणसाला वेगळी वाट आहे आणि धाडसी माणसाला वेगळी, वरून समुद्राचा वारा दर दहा मिनिटांनी बेत बदलायला लावतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, शहराने हे मैदान मूळ आराखड्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं आणि खर्च सार्वजनिक पैशातूनच करावा. तुम्हाला काय वाटतं?

पांझराकाठचा (धुळे)

काका, तुम्हनं म्हननं मले काही पटनं नही. मूळ आराखडा मूळ आराखडा म्हणताय पण तो समुद्राने केव्हाच खाल्लाय. किनाऱ्यालगतचे होल सुरुवातीच्या वर्षांतच वादळांत गेले, मग समुद्र अडवायला मातीचा बांध घातला, आणि बदली म्हणून चार होल हायवेच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत नेले. म्हणजे आज जे आहे त्यातलं बरंच मॅकेन्झीने पाहिलेलंसुद्धा नाही, तो 1934 ला वारला. मग परत आणणार काय? बांधामुळे बहुतेक मैदानावरून समुद्र दिसतही नाही. समुद्राची पातळी वाढतेय, वादळं येणारच, दरवेळी बांध उंच करत बसायचं आणि आतलं पाणी पंपाने उपसत बसायचं याला मी जतन म्हणणार नाही. सखल जमीन पाण्याचीच असते, आज ना उद्या पाणी ती मागतं. आपल्याकडे नाल्यात प्लॉट पाडून बांधलेली घरं पावसाळ्यात काय भोगतात ते धुळ्यातल्या माणसाला सांगायला नको.

अमळनेरकर ताई

मी बायोलॉजी शिकवते त्यामुळे मला यातली बेडकाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते आणि ती मूळ पोस्टमध्ये आलीच नाही.

मैदानाच्या मधोमध लगुना सलाडा नावाचं तळं आहे. तिथे कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक राहतो आणि त्या बेडकावर जगणारा सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप राहतो. साप 1967 पासून नष्ट होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, बेडूक 1996 पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित. हा बेडूक हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, अंडी घालतो आणि ती पाण्याच्या वरच्या थरात लव्हाळ्यांना चिकटलेली असतात. आता बघा, त्याच दिवसांत मैदानात पाणी भरतं म्हणून पंप लावायचे, पाणी उतरलं की अंड्यांचे पुंजके उघडे पडून वाळून जाणार. खेळणाऱ्याला कोरडी जमीन पाहिजे आणि बेडकाला त्याच आठवड्यात ओली, हा झगडा बंकर सुंदर करून सुटत नाही. यावरून 2011 ला पर्यावरणवाल्या संस्था कोर्टात गेल्या होत्या. त्याच वर्षी शहराच्या प्रतिनिधींनी मैदान नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे, द्यायचा रस्ता मोकळा करणारा ठराव पास केला होता आणि मेयर एड ली यांनी त्यावर व्हेटो वापरला. म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या लोकांनाही हे मैदान चालू ठेवावं असं एकमुखाने वाटत नव्हतं.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, बेडकाचा मुद्दा मी मुद्दाम टाळला नाही, उलट माझ्या मते तोच दुरुस्तीच्या बाजूने जातो. लगुना सलाडा हे नावच खारं आहे, पूर्वी तिथे खाऱ्या पाण्याची आत-बाहेर होती असं काहीजण मानतात. बांध झाला, समुद्र तुटला, डोंगरावरचं गोडं पाणी साचत गेलं तेव्हा कुठे ते बेडकाच्या कामाचं झालं. आता बांध सोडून दिला आणि समुद्र आत आला तर खारं पाणी पहिला घाव त्या अंड्यांवरच घालेल. कोर्टाच्या केसचं म्हणाल तर वन्यजीव खात्याने 2012 ला अटी घालून दिल्या, पंप कसे चालवायचे, काम कसं करायचं, आणि त्यानंतर न्यायाधीशांनी केस निकाली काढली. अटी पाळून मैदान आणि बेडूक दोन्ही राहू शकतात, त्यासाठीच तर नीट दुरुस्ती लागते, तळ्याजवळचा खेळ थोडा मागे घ्या, निचरा नवा करा, तळ्याला कडेने जागा द्या.

आणि पांझराकाठचा भाऊ, चार होल पलीकडे गेले हे खरं, पण बाकी ग्रीनच्या जागा, वाटा, उतार हे अजून वाचता येतात. जुन्या वाड्याची एक बाजू पडली म्हणून उरलेला कोणी पाडत नाही.

केळीबाग (रावेर)

मी शेतकरी माणूस, गोल्फ कधी खेळलो नाही आणि खेळणारही नाही. मले एकच विचारायचंय, गवताला पाणी किती लागतं? आमच्याकडे केळीला थेंब थेंब ठिबकने मोजून देतो, मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, बोअर आटतात, भूजल दरवर्षी खाली चाललंय, आणि जगात कुठेतरी खेळण्याच्या गवतावर सरकारी पैशाने पाणी मारायचं, ते बी कॅलिफोर्नियात जिथे स्वतःच दुष्काळाची बोंब आहे. ज्याला खेळायचं त्याने खासगी क्लबात पैसे भरून खेळावं. सार्वजनिक पैसा पिण्याच्या पाण्याला, शाळेला, दवाखान्याला. ही माझी ठाम बाजू आहे आणि कोणी कितीबी मोठा आखणारा असला तरी बदलणार नाही.

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, पाण्याचा राग समजतो. पण शार्प पार्कच्या सिंचनासाठी सांडपाणी शुद्ध करून पुरवायची योजना केलीये, पिण्याचं पाणी वाचावं म्हणूनच. आणि खासगी क्लबात खेळावं म्हणता तिथेच माझं दुखणं आहे. सार्वजनिक मैदानं गेली की खेळ फक्त श्रीमंतांचा उरतो, मग आपणच म्हणतो बघा हा श्रीमंतांचा खेळ. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स, जगातलं सगळ्यात नावाजलेलं, ते सार्वजनिक जमिनीवर आहे, तिथे रविवारी गोल्फ बंद असतो आणि गावचे लोक फिरायला येतात. आपल्याकडे दिल्लीत कुतुबजवळ डीडीएने, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाने, सगळ्यांसाठी खुलं कोर्स केलंय. रेल्वेच्या कॉलनीत वाढलेला मी, मैदान सगळ्यांचं असलं की कोणाची पोरं कुठपर्यंत जातात ते मला ठाऊक आहे.

चोपडेकर (सध्या बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर)

मी इथे राहतो आणि टॅक्स भरतो म्हणून बोलतो. दुरुस्तीला माझा विरोध आहे आणि त्याचं कारण बेडूकही नाही आणि पाणीही नाही, कारण आहे हार्डिंग पार्क. तेही याच शहराचं सार्वजनिक मैदान, 1925 चं. हालत अशी झाली होती की 1998 ला शेजारच्या ऑलिंपिक क्लबवर यूएस ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा झाली तेव्हा हार्डिंगच्या फेअरवेवर गाड्या लावल्या होत्या. मग 2002-03 ला मोठी दुरुस्ती झाली, खर्च अंदाजाच्या वर गेला, मैदान खरंच देखणं झालं, 2009 ला प्रेसिडेंट्स कप झाला, 2020 ला पीजीए चॅम्पियनशिप झाली, दोन्ही मोठ्या गोल्फ स्पर्धा. पण फी वाढली. रहिवाशाला सवलत आहे हे मान्य, पण बाहेरून येणाऱ्याला तिथे खेळायचं तर खिसा जड पाहिजे. काका, तुम्हाला शार्प पार्कमध्ये जो ड्रायव्हर आणि जी शिक्षिका भेटली ती तिथे आहेत कारण ते मैदान स्वस्त आहे, आणि स्वस्त आहे कारण ते असं पडीक आहे. मॅकेन्झीच्या नावाने चकचकीत केलंत की पहिल्यांदा हेच लोक बाहेर पडतील.

साक्रीचा फडकरी

चोपडेकरांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात जोरदार आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. स्वस्त राहावं म्हणून पडीक ठेवा म्हटलं तर एक दिवस ते बंदच होणार.

आमच्या पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून धुगधुगी आहे. नदीत बंधारा, त्यातून पाट, गावची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी द्यायला पाटकरी नेमलेला, आणि पाट साफ करायला घरटी माणूस. शेकडो वर्षं हे चाललं ते कोणी सरकारी इमारतीसारखं जपलं म्हणून नाही, तर दरवर्षी वापरणाऱ्यांनीच हात लावला म्हणून. वर धरणं झाली, विहिरी झाल्या, लोकांचा वापर सुटला आणि मग बंधाऱ्यांचे दगड निखळायला लागले. दुरुस्ती मागणारे लोक उरले नाहीत हेच खरं नुकसान. शार्प पार्कला ते लोक अजून आहेत. म्हणून करा दुरुस्ती, पण आधी फीची मर्यादा ठरावात लिहून घ्या आणि मगच पैसा सोडा. एकदम मोठा ठेकेदार आणून वर्षभर मैदान बंद ठेवू नका, थोडं थोडं करा, खेळ चालू ठेवून करा.

अमळनेरकर ताई

फडकरी दादा, वापरणारे म्हणजे फक्त खेळणारे का? त्या बांधावर रोज सकाळ-संध्याकाळ लोक फिरतात, पक्षी बघणारे येतात. ही जमीन 1917 ला शार्प कुटुंबाच्या इस्टेटीतून शहराला मिळाली ती लोकांच्या पार्कसाठी आणि खेळण्या-बागडण्यासाठी, ती एकट्या गोल्फची नाही. दुसऱ्या महायुद्धात याच शार्प पार्कच्या जागेवर जपानी, जर्मन, इटालियन लोकांना डांबायची छावणी होती, त्या इतिहासाची दुरुस्ती कोण मागतंय? ऐतिहासिक म्हणायचं तर सगळा इतिहास घ्या, एका आखणाऱ्याचाच का?

आणि काका, बेडूक बांधामुळे आला म्हणून तो गोल्फचा उपकार हे म्हणणं मला मान्य नाही. हतनूर धरण माणसाने बांधलं, गाळाने भरलं, आणि आज हिवाळ्यात तिथे लांबलांबचे पक्षी उतरतात. म्हणून उद्या कोणी म्हटलं की गाळावर आमचा हक्क, पक्षी आमच्यामुळेच आले, तर आपण ऐकून घेऊ का?

तापीकाठ (भुसावळ)

छावणीचा मुद्दा अगदी बरोबर आहे ताई, तिथे त्याची माहिती ठळक लागली पाहिजे, खेळायला येणाऱ्यानेही ती वाचली पाहिजे. हतनूरचंही पटलं, उपकाराची भाषा मी करत नाही. पण पक्ष्यांसाठी कोणी हतनूरचे दरवाजे कायमचे उघडून ठेवा असंही म्हणत नाही ना. बांध सोडा म्हणणाऱ्यांनी बेडूक कुठे जाणार ते आधी सांगावं.

चोपडेकर, फीचं तुमचं भय मला सगळ्यात जास्त टोचलं. फडकरी म्हणतात तशी अट लिहून घेतल्याशिवाय एक डॉलरही खर्च होऊ नये, यावर मी तुमच्या बाजूने आहे. त्यातही क्रम असा पाहिजे, आधी निचऱ्याच्या नाल्या आणि तळ्याची कड, मग आकसलेले ग्रीन परत जुन्या कडेपर्यंत रुंद करणं, त्याला फार पैसा लागत नाही, बराचसा कापणीचा आणि निगराणीचाच भाग आहे, आणि बंकर सगळ्यात शेवटी.

पांझराकाठचा (धुळे)

नाल्या आणि तळ्याची कड पहिल्यांदा, एवढ्याला माझी हरकत नाही. पण बांधावर नवा खर्च घातला तर मी विरोधातच आहे. तुम्ही ग्रीन रुंद कराल आणि पुढच्या मोठ्या वादळात समुद्र बांध ओलांडून आत येईल, तेव्हा पैसे परत कोणाकडे मागणार हे कोणीच सांगत नाहीये. चोपडेकर, तुम्ही तिथे आहात, बांधाच्या देखभालीचा खर्च आज कोणत्या खात्यातून जातो तेवढं बघून इथे टाका, त्याशिवाय मी पुढे बोलणार नाही.