डॉक्टरला अपील आहे, रुग्णाला नाही

एकांनी लिहिलंय की मेडिकल कौन्सिलने (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या वैद्यकीय परिषदेने) ठपका ठेवला तरी डॉक्टर कोर्टात जाऊन सुटतोच. मला हे अर्धंच पटतं. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट (अशा निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) केली तर उच्च न्यायालय सहसा उपचार बरोबर की चूक हे नव्याने तपासत बसत नाही. नोटीस नीट दिली का, म्हणणं मांडू दिलं का, निर्णयाला कारणं आहेत का, हे बघतं. त्यात खोट निघाली आणि प्रकरण फेरसुनावणीला परत गेलं, तर डॉक्टर निर्दोष ठरला असा त्याचा अर्थ होत नाही.

खरा अन्याय दुसरीकडे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातलं कलम ३० वाचा. राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपिलाचा हक्क डॉक्टरला आहे, पुढे आयोगाकडे जायला ६० दिवसही आहेत. तक्रारदार रुग्णाचा तिथे उल्लेखच नाही! मला याचा मनापासून राग येतो. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून सोलापुरात पेशंट आणणाऱ्या माणसाने मुंबईच्या परिषदेकडे दाद मागायची, आणि तक्रार फेटाळली की थेट रिटचा खर्च सोसायचा.

निदान ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) झालंय, सोलापूर जिल्हा त्यात येतो. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पक्का आहे. कुठेही जा, आधी लेखी अर्ज करून केसपेपर मागून घ्या. ते ७२ तासांत द्यावे लागतात.