चेंबरिंग आणि कॅलिबर: टार्गेट रायफलच्या नळीची ऑर्डर देताना काय लिहायचं?

सहाशेमीटर:
बोल्ट-ॲक्शनची एक टार्गेट रायफल बांधून घेतोय. ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा) ठरली, दस्ता ठरला, आता नळी सांगायची आहे. ऑर्डरच्या कागदावर 'कॅलिबर' आणि 'चेंबरिंग' असे दोन वेगळे रकाने आहेत. आपण बोलताना "कोणत्या कॅलिबरची?" एवढंच विचारतो आणि त्यात सगळं आलं असं धरतो. या दोन शब्दांत नेमका फरक काय? मराठीत 'चेंबरिंग'साठी काही शब्द आहे का? आणि मुख्य म्हणजे .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर किंवा ६ मिमीतलं एखादं, यांतून निवडायचं कसं? ६०० ते १००० मीटरवर कागदी निशाण्यावर नेम धरायचा आहे, दुसरा काही उपयोग नाही.

रीमर:
फरक मोठा आहे, आणि कागदावर दोन रकाने आहेत ते योग्यच आहे.

कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास. नळीत सर्पिल खाचा असतात आणि दोन खाचांच्या मध्ये उंच कडा. व्यास कडेपासून कडेपर्यंत मोजला तर एक आकडा येतो, खाचेपासून खाचेपर्यंत मोजला तर थोडा मोठा. .३०८मध्ये कडांचा व्यास ०.३०० इंच, म्हणजे ७.६२ मिमी, खाचांचा आणि गोळीचा ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिमी. एकाच नळीला कुणी ७.६२ म्हणतं, कुणी .३०८, आणि दोघंही बरोबर असतात.

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला अख्ख्या काडतुसाच्या आकाराची कोरलेली जागा. लेथवर नळी धरून रीमर, म्हणजे त्या आकाराचं कापायचं हत्यार, मारतात आणि ती जागा तयार होते. हे काम म्हणजे चेंबरिंग, आणि ज्या काडतुसासाठी चेंबर कापला त्या काडतुसाच्या नावालाही बोलताना चेंबरिंगच म्हणतात. तुमच्या कागदावर हा दुसरा अर्थ आहे.

आता एकच कॅलिबर घ्या. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड, .३०० विंचेस्टर मॅग्नम. तिन्हींची गोळी ०.३०८ इंचांचीच. पण पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या कवचाची) लांबी पहिल्याची ५१ मिमी, दुसऱ्याची ६३, तिसऱ्याची जवळपास ६७. आतली नळी तीच, चेंबर तीन वेगळे. म्हणून "थर्टी कॅलिबरची रायफल" एवढं सांगून नळी बनवणाऱ्याला अर्धीच माहिती मिळते.

बाराखडी:
शब्दांबद्दल थोडं. मराठीत ठासणीच्या बंदुकीचा शब्दसाठा भरपूर आहे: रंजक, गज, बत्ती, चाप, घोडा, दस्ता, बार. 'बार भरणे', 'बार उडवणे' यांतला बार म्हणजे दारू आणि गोळी मिळून ठासलेला भार. त्या बंदुकीत सगळं तोंडाकडून आत जाई, काडतुसाच्या मापाची वेगळी जागा मागे नसेच. वस्तूच नव्हती म्हणून तिला जुना शब्दही नाही. 'कक्ष' सुचवता येईल, पण "कक्ष कापून द्या" म्हटलं तर कारागीर तोंडाकडे बघत राहील. 'चेंबर' राहू द्यावा. वाक्यात असा येतो: "नळी साडेसहाची, चेंबर क्रीडमूरचा." रायफलबद्दल बोलताना नुसती षष्ठी पुरते: "ही ६.५ क्रीडमूरची रायफल."

त्यापेक्षा 'गोळी' आणि 'काडतूस' यांतला फरक पाळावा असा माझा आग्रह आहे. बोलण्यात दोन्हींना गोळीच म्हणतात. पण नळीतून सुटते ती गोळी. पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), दारू आणि गोळी मिळून होतं ते काडतूस. पोलिसांच्या बातम्यांत हा फरक नीट पाळलेला दिसतो: 'जिवंत काडतुसे' आणि 'रिकाम्या पुंगळ्या'. कॅलिबर गोळीशी जोडलेलं आहे, चेंबर काडतुसाशी. एवढं धरून ठेवलं की पुढचा गोंधळ निम्म्याने कमी होतो.

'बोअर'ही जाता जाता. बारा बोअरमधला बारा हा व्यास नाही. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. त्यामुळे वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद.

सहाशेमीटर:
धन्यवाद बाराखडीताई. पण मग ६.५ क्रीडमूरची गोळी ६.५ मिमीचीच ना?

रीमर:
नाही. ६.७१ मिमीची, म्हणजे ०.२६४ इंचांची. .२६० रेमिंग्टनलाही तीच ०.२६४ची गोळी लागते. .२७० विंचेस्टरला ०.२७७ची, .२२३ रेमिंग्टनला ०.२२४ची. .३०-०६मधला ०६ तर १९०६ हे साल आहे. नावातला आकडा कधी कडांचा, कधी खाचांचा आणि कधी जवळपासचा सुटसुटीत. मेट्रिक पद्धत बरी: ७.६२×५१ म्हणजे पुढचा आकडा नळीचा, मागचा पुंगळीच्या लांबीचा मिलिमीटरमध्ये. मागे 'आर' असेल, जसं ७.६२×५४ आर, तर पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कडा आहे.

हा फक्त शब्दांचा कीस नाही. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी .२२३च्याच घराण्यातली, बूड तेच. ते काडतूस .२२३च्या रायफलीत काही वेळा आत बसतं आणि बोल्ट बंदही होतो. मग ०.३०८ची गोळी ०.२२४च्या नळीत ढकलली जाते आणि रायफल फुटते. म्हणून चेंबरिंगचं पूर्ण नाव नळीवर कोरून घ्यायचंच. मानेचं (पुंगळीचा गोळी धरणारा अरुंद भाग जिथे बसतो तिथलं) माप नेहमीपेक्षा घट्ट ठेवलं असेल तर तो आकडाही कोरायचा.

तिरपावारा:
निवडीबद्दल मी लिहितो. माझं ठाम मत आहे की काडतुसापासून सुरुवात करू नये, स्पर्धेच्या नियमांपासून करावी. एफ-क्लास म्हणजे दुर्बीण आणि टेकू लावून झोपून मारायची लांब पल्ल्याची स्पर्धा. तिच्यातल्या एफ-टीआर गटात .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच चालतात, आणि रायफल दुर्बीण आणि बायपॉडसकट (पुढच्या दोन पायांच्या टेकूसकट) ८.२५ किलोच्या आत लागते. त्या गटात उतरायचं असेल तर क्रीडमूरची चर्चा तिथेच थांबते. एफ-ओपनमध्ये ८ मिमीपर्यंत काहीही चालतं, वजनाची मर्यादा १० किलो. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल प्रकारातही मर्यादा ८ मिमीचीच. आधी गट सांगा.

सहाशेमीटर:
एफ-टीआर नाही. सुरुवात क्लबच्या खुल्या गटात, पुढे जमलं तर एफ-ओपन.

तिरपावारा:
मग हात मोकळे आहेत. .३०८ हे १९५२चं काडतूस, अजूनही सरळ आणि विश्वासू. पण १००० मीटरला त्याची अडचण वारा आहे. १७५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.३ ग्रॅमची नेहमीची मॅच गोळी साधारण ७९० मीटर प्रतिसेकंदाने निघते आणि तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापण्याच्या क्षमतेचा आकडा, मोठा तितका चांगला) ०.५च्या आसपास. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची लांबट गोळी ८२०ने निघते आणि तिचा कोएफिशंट ०.६०च्या पुढे जातो. लांब पल्ल्यावर त्याच वाऱ्यात क्रीडमूरची गोळी ढोबळमानाने पाव ते एक-तृतीयांश कमी सरकते. वरून धक्काही कमी. नेम नीट असून वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तर .३०८ जास्त शिक्षा देते. मला हा फरक फार मोठा वाटतो, कारण १००० मीटरवर गुण जातात ते बहुतेक आडवे जातात.

६ मिमीत ६ बीआर किंवा त्याची खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) पुढे सरकवलेली डॅशर. १०५ ग्रेनच्या आसपासची गोळी, अगदी हलका धक्का, आणि फार शिस्तीची काडतुसं. ६०० मीटरला तर माझी पहिली पसंती यांनाच. पण डॅशरची पुंगळी अनेकदा बीआरच्या पुंगळीतून घडवून घेतात, निदान तशी तयारी ठेवावी लागते. स्वतः काडतुसं भरत नसाल तर तिकडे वळू नका. ६ पीपीसी सोडून द्या, ती बेंचरेस्टच्या, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून मारायच्या प्रकारातल्या, १००-२०० यार्डांची राणी.

पुंगळी:
नळीच्या आयुष्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि मला तोच निर्णायक मुद्दा वाटतो. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे खाचा सुरू होतात, त्या भागाला थ्रोट म्हणतात. जळत्या दारूचा सगळा ताप तिथे. पुंगळी मोठी आणि नळी अरुंद असली की थ्रोट लवकर खाल्ला जातो. हिशोब करून बघा: ६ मिमी नळीचं क्षेत्रफळ ६.५च्या ८५ टक्के, आणि .३०८च्या फक्त ६२ टक्के. ६ क्रीडमूर म्हणजे तीच क्रीडमूरची पुंगळी, जवळपास तेवढीच दारू, पण कमी तोंडातून. नेमबाज सर्वसाधारणपणे धरतात ते आकडे असे: .३०८ची नळी पाच हजार बारांपर्यंत किंवा पुढेही चांगला गट देते (गोळ्या जवळजवळ लागतात), ६.५ क्रीडमूर दोन ते तीन हजार, ६ क्रीडमूर दीड हजाराच्या आसपास. ६ बीआरची पुंगळी लहान, दारू सुमारे ३० ग्रेन, म्हणून ६ मिमी असूनही ती बरीच टिकते. पटापट दहा-दहा बार काढून नळी तापवत गेलात तर हे सगळे आकडे खाली येतात.

सरावासाठी किती बार काढणार आहात, हे आधी ठरवा. ज्याला अजून वारा वाचायला शिकायचं आहे त्याला भरपूर सराव लागतो.

रीमर:
कारखानदारीच्या बाजूने तीन गोष्टी. पहिली, तुमची ॲक्शन आधीच ठरली आहे म्हणता, मग तिचा बोल्टफेस, म्हणजे काडतुसाचं बूड टेकतं ते बोल्टचं तोंड, बघा. .३०८, .३०-०६, दोन्ही क्रीडमूर आणि ६ बीआर या सगळ्यांचं बूड ०.४७३ इंचांचं, म्हणजे १२ मिमी. एकाच बोल्टवर नळ्या बदलून हे सगळं चालेल. .२२३चं बूड ०.३७८, मॅग्नमचं ०.५३२. तिथे बोल्ट वेगळा लागतो.

दुसरी, लांबी. आखूड ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये काडतूस साधारण ७१ मिमीपर्यंत मावतं. .२६० रेमिंग्टनची पुंगळी ५१.७ मिमी, त्यामुळे लांब गोळी पुंगळीत खोल दाबावी लागते. क्रीडमूरची पुंगळी मुद्दाम ४८.८ मिमी ठेवली आहे, म्हणून लांब गोळी बाहेर राहूनही मॅगझिनमध्ये बसते. २००७मध्ये आलेलं हे काडतूस जुन्या .२६०च्या पुढे गेलं त्याचं एक मोठं कारण हेच.

तिसरी, हेडस्पेस. बोल्टफेसपासून पुंगळीच्या खांद्यावरच्या ठरलेल्या रेषेपर्यंतचं अंतर. ते तपासायला ठरलेल्या मापाचे ठोकळे, म्हणजे गेज, असतात. .३०८मध्ये 'गो' गेज १.६३० इंचांचा आणि 'नो-गो' १.६३४चा. मधली फट एक दशांश मिलिमीटर. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. नळी बसवल्यावर दोन्ही गेज समोर लावून दाखवायला सांगा.

सहाशेमीटर:
आखूड ॲक्शन, बोल्टफेस ०.४७३चा. काडतुसं सध्या विकतची, भरायला हळूहळू शिकणार. म्हणजे ६.५ क्रीडमूर?

तिरपावारा:
हो. विकतची मॅच काडतुसं चांगल्या दर्जाची मिळतात, १००० मीटरपर्यंत पोचतं, आणि बोल्ट तोच ठेवून पुढे ६ बीआरची नळी लावता येईल.

पुंगळी:
माझंही तेच मत, फक्त ६ क्रीडमूरच्या मोहात पडू नका.

सहाशेमीटर:
कॅलिबर ६.५, चेंबरिंग ६.५ क्रीडमूर असं लिहितो. खाली 'ट्विस्ट' आणि 'फ्रीबोअर' असे आणखी दोन रकाने आहेत.

बाराखडी:
ट्विस्टला 'पीळ' हा शब्द अगदी चपखल बसतो. "आठचा पीळ" म्हणजे आठ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा.

रीमर:
आठचाच लिहा. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो. .२२३मध्ये ५५ ग्रेनची आखूड गोळी बाराच्या पिळातही स्थिर राहते, ८० ग्रेनच्या लांब गोळीला आठचा किंवा सातचा हवा. क्रीडमूरच्या १४० ग्रेनला आठचा नीट पुरतो.

फ्रीबोअर म्हणजे चेंबरच्या पुढची बिनखाचेची मोकळी जागा. गोळी खाचांना कुठे टेकणार, ते यावर ठरतं. विकतची काडतुसं वापरणार म्हणून प्रमाणित रीमरचंच माप ठेवा, 'घट्ट मान' मागू नका. भरायला शिकाल तेव्हा ठरलेल्या एका गोळीचं एक डमी काडतूस बनवा, त्यात दारू नाही आणि प्रायमरही नाही. पुढच्या नळीच्या ऑर्डरसोबत ते पाठवा, म्हणजे कारागीर थ्रोट त्या गोळीच्या मापाने कापून देईल.