लिफ्टनंतर थारला कोणते अप्पर कंट्रोल आर्म घ्यावेत?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नव्या थारला २ इंच लिफ्ट केली (सस्पेन्शन उंच केलं). तेव्हापासून पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) बसत नाही, हायवेला स्टिअरिंग भरकटतं आणि वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा फिरता सांधा) फार तिरका झालाय. अलाइनमेंटवाला म्हणतो, मूळ अप्पर कंट्रोल आर्मवर (चाकाला वरून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) यापेक्षा जास्त सुधारणा होणार नाही.

युनिबॉलवाल्या (बॉल जॉइंटऐवजी धातूचं गोल बेअरिंग असलेल्या) आर्मला चाक खाली लोंबलं तरी कोन भरपूर मिळतो, हे खरं. पण ते उघडं बेअरिंग मुळशी-वेल्ह्याच्या चिखलात टिकेल का? माझा कल सीलबंद बॉल जॉइंट आणि रबर बुशकडे (आर्म गाडीला जोडतो तिथली रबरी नळी) आहे (पॉलियुरेथेन बुश ग्रीस संपलं की करकरतात). बॉल जॉइंट नाना पेठेत सुटा मिळायला हवा. गल्लीत वेल्डिंग करून बनवलेले आर्म मात्र अजिबात नकोत. पुण्यात कुणी असे सीलबंद जॉइंटवाले आर्म पावसाळाभर वापरलेत का? कॅस्टर किती आला?