लॅपटॉपला जोडायला जीपीएस रिसीव्हर कोणता घेतलात? नागपूरच्या वायफाय मॅपिंगवाल्यांनो, अनुभव लिहा

त्रिमूर्तीनगरकर:
मंडळी, लॅपटॉपवर किस्मेट (आजूबाजूची वायफाय ऐकून नोंदवणारा प्रोग्राम) चालू ठेवून गावभर फिरणाऱ्या लोकांसाठी हा धागा. कुठलं वायफाय रस्त्यावर किती जोरात पोचतं ते नकाशावर उतरवायचं, बस. कोणाच्या नेटवर्कला जोडायचं नाही, राउटर स्वतः जे ओरडून सांगतो तेवढंच ऐकायचं. नवीन माणूस आला की विचारतो जीपीएस कोणता घेऊ, आणि मग सगळे चिपचे नंबर फेकायला लागतात. माझं मत सांगतो, अचूकतेवरून डोकं खाऊ नका. साधा यूब्लॉक्स ७ चिपवाला पण मोकळ्या आकाशाखाली अडीच-तीन मीटरच्या आसपास जागा सांगतो, आणि कोणाच्या घरातलं वायफाय आपल्याला तीस-चाळीस मीटरवरून ऐकू येतं, मग अजून बारीक मोजून करायचं काय? अँटेना कुठे ठेवता येतो आणि लॅपटॉप रिसीव्हरला नीट ओळखतो का, ते बघून पैसे घाला.
मी व्हीके-१६२ वापरतो, खाली मॅग्नेट असलेली छोटी चकती आणि लांब वायर. गाडीच्या टपावर चिकटवायची, वायर दाराच्या रबरातून आत. व्हीके-१७२ पेनड्राइव्हच्या आकाराचा असतो, तो लॅपटॉपच्या बाजूला खुपसला की वर टप, पुढे डॅशबोर्ड, त्याला आकाश दिसणार कुठून. बाकी तुम्ही लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

महालवाला:
भाऊ, आपल्याकडे कार नाही, ॲक्टिव्हावर फिरतो, लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये. झाकण बंद केलं तरी लॅपटॉप झोपणार नाही ही सेटिंग आधी करून घ्या नाहीतर घरी येऊन पाहाल तर फाइल रिकामी. चकतीचा मॅग्नेट कापडाले कुठं चिपकते, म्हणून सॅकच्या वरच्या कप्प्यात स्टीलच्या डब्याचं झाकण ठेवलं आणि त्यावर चकती बसवली. खाली धातूचा पत्रा असला की या अँटेनाले पण बरं पडते. पण महाल-इतवारीच्या गल्ल्यांत दोन्हीकडून तीन-तीन मजले, सिग्नल भिंतीवर आपटून येते आणि ट्रॅक बाजूच्या गल्लीत उड्या मारून राहिला होता. मग यूब्लॉक्सचाच एम८ चिपवाला घेतला. सातवाला जीपीएस नाहीतर ग्लोनास (रशियाचं जीपीएस), एका वेळी एकच घेतो, एम८ दोन्ही सोबत घेतो, म्हणजे आकाशाची बारीकशी पट्टी दिसली तरी त्यात सॅटेलाइट जास्त सापडतात. उड्या बंद नाही झाल्या, पण बऱ्याच कमी झाल्या.

कॅम्पसवाली:
आमचं पायी मॅपिंग होतं, कॉलेजच्या आवारात कुठे सिग्नल पडतो ते बघायला. सीनियरकडून जुना सर्फ चिपचा रिसीव्हर मिळाला होता, त्यात मजा अशी की आम्ही लायब्ररीपासून कॅन्टीनपर्यंत चालत गेलो आणि नकाशावर सगळे ठिपके एकाच जागी ढीग लागल्यासारखे, मग अचानक लांब एक ठिपका, परत ढीग. शोधल्यावर कळलं की या चिपमध्ये स्टॅटिक नेव्हिगेशन म्हणून प्रकार असतो, वेग फार कमी असला की ती तुम्हाला उभं समजते आणि जागा गोठवून ठेवते. सिग्नलला थांबलेल्या गाडीचा ठिपका हलू नये म्हणून चांगलं आहे, पण चालणाऱ्या माणसाचं काय! कमांड पाठवून ते बंद करता येतं. यूब्लॉक्स असेल तर यू-सेंटर या त्यांच्याच सेटिंगच्या प्रोग्राममध्ये जाऊन पेडेस्ट्रियन मॉडेल निवडा. पायी फिरणार असाल तर विकत घ्यायच्या आधी हे बघाच.

वर्धा रोडवाला:
आमच्या रोडच्या डबल डेकर पुलाखाली कोणी केलंय का मॅपिंग? वर मेट्रो, तिच्या खाली फ्लायओव्हर, त्याच्या खाली आपण, आणि हे जवळजवळ ३.१४ किलोमीटर. तिथे कुठलाही रिसीव्हर लावा, मार खातोच. काही रिसीव्हर मागच्या वेगावरून थोडा वेळ अंदाजाने पुढे सरकवत राहतात, म्हणून रेघ सरळ दिसते आणि आपल्याला वाटतं सगळं झकास आहे. त्यामुळे एचडीओपी (हा आकडा जितका मोठा तितकी जागा कमी भरवशाची) जास्त असलेले ठिपके मी नंतर गाळून टाकतो. फ्लायओव्हरवरून गेलो काय आणि खालून गेलो काय, नकाशावर रेघ एकच, ते वेगळं. आणि उंचीचा आकडा बघूच नका, आडव्या जागेपेक्षा उंचीत चूक नेहमी जास्तच असते.

प्रतापनगर:
माझ्याकडे रिसीव्हर लावला की माउसचा बाण स्क्रीनभर नाचायला लागायचा, आपोआप क्लिक, फोल्डर उघडतायत बंद होतायत, मला वाटलं व्हायरस. लॅपटॉप सुरू होताना रिसीव्हर आधीच जोडलेला असला आणि तो दर सेकंदाला मजकूर पाठवत असला की सिस्टिम त्याला सिरीयल माउस समजून बसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माउस डिसेबल केला, विषय संपला. उबंटूवाल्यांनी मोडेममॅनेजर नावाचा प्रोग्राम बंद करा, तो रिसीव्हरला इंटरनेटचं डोंगल समजून छळतो. आणि यूएसबीला जोडण्यासाठी स्वस्तातली सिरीयल चिप घातलेल्या रिसीव्हरपासून जपून, नकली चिप निघाली तर नवा ड्रायव्हर तिला हातच लावत नाही.

सदरवाला:
एवढं कशाला, मोबाईल आहे ना? ॲप टाकलं, झालं.

त्रिमूर्तीनगरकर:
@सदरवाला, मोबाईलचं जीपीएस उत्तम आहे, भानगड त्याच्या वायफायची आहे. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत फक्त ४ स्कॅन मिळतात. चाळीसच्या स्पीडने दोन मिनिटांत आपण सव्वा किलोमीटरच्या वर जातो. १० पासून डेव्हलपर ऑप्शनमध्ये ते बंद करायची सोय आहे, पण तरी लॅपटॉपला मोठा अँटेना लावण्यातली मजा नाही. हां, मोबाईलचं जीपीएस नेटवर्कवरून लॅपटॉपवरच्या जीपीएसडीला (रिसीव्हरची माहिती बाकी प्रोग्रामना देणारा प्रोग्राम) पाठवता येतं, रिसीव्हर घ्यायच्या आधी ते करून बघा, फुकट आहे.

मनीषनगर:
स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी. रिसीव्हर अक्षांश २१०८.७५ असं देतो, ते २१ अंश ८.७५ मिनिटं आहे, म्हणजे २१.१४५८. नुसतं टिंब सरकवून २१.०८७५ केलं तर आख्खं नागपूर साडेसहा किलोमीटर दक्षिणेला सरकतं. झीरो माइलला उभं राहून एक ठिपका घ्या, गडबड लगेच कळते. आणि सेकंडहँड घेत असाल तर आधी तारीख बघा, ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा काउंटर परत शून्यावर आला, तेव्हापासून काही जुने रिसीव्हर जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर, पण लॉग १९९९ चा.

कॅम्पसवाली:
आपल्या नाविकवर (भारताचं स्वतःचं जीपीएस) चालणारा यूएसबीवाला रिसीव्हर कोणी वापरलाय का?

मनीषनगर:
नाविकचे सुरुवातीचे सॅटेलाइट एल५ आणि एस बँडवर (बँड म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा) बोलतात, आणि हे स्वस्त यूएसबी रिसीव्हर एल१ वर ऐकतात. इस्रोने एल१ दिलं ते एनव्हीएस-०१ या सॅटेलाइटपासून, मे २०२३ मध्ये सोडलेला. त्यामुळे डब्यावर नाविक लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, कुठला बँड ते दुकानदाराला विचारा.

महालवाला:
दुकानदार म्हणते, ‘सब चलता है भैया’.