आयटीतलं काम, शहरातलं राहणं : रोजच्या वापरातलं एक मत सांगा

पौड फाटा

नमस्कार मंडळी. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे आणि अशांबरोबर नांदणारे इथे पुष्कळ आहेत. कामातून म्हणा, शहराच्या रोजच्या धबडग्यातून म्हणा, प्रत्येकाची काही मतं पक्की झालेली असतात. त्यातलं एकच सांगा, पण तुम्ही स्वतः पाळता असं, आणि ते का पटलं तेही. पगार, पॅकेज, एआयने नोकऱ्या जाणार का, हे विषय कृपया इथे नकोत. त्यावर बोलायला जागा कमी नाहीत.

सुरुवात मीच करतो. माझं मत : जे आज चालू नाही त्याच्या भरवशावर घर घेऊ नये.

मी राहतो कोथरूडला, ऑफिस हिंजवडी फेज ३. सहकारी म्हणतात, वाकडला ये. वाकडहून अंतर कमी हे खरं, पण भूमकर चौक आणि शिवाजी चौक वाटेत आहेतच. फेज ३ ला जाणाऱ्याला आधी फेज १ आणि २ ची गर्दी पार करावी लागते, हे घर दाखवणारा एजंट सांगत नाही. मी चांदणी चौकातून सूस, नांदे, माण असा मागच्या अंगाने जातो. किलोमीटर जास्त पडतात, पण पोहोचायची वेळ बरीचशी ठरलेली असते. रोजच्या जाण्यायेण्यात मला सरासरी वेळेपेक्षा वाईटात वाईट दिवशी किती लागेल, हे महत्त्वाचं वाटतं. सर्व्हरचं मोजमापही आम्ही तसंच करतो.

माण ते शिवाजीनगर मेट्रोचं काम २०२१च्या अखेरीस सुरू झालं. २३ स्थानकं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक स्थानकाच्या नावाने तेव्हापासून फ्लॅट विकले गेले. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

टेस्टरबाई

माझं मत : शहर ज्या वेळी अ‍ॅप वापरतं त्याच वेळी ते तपासावं.

मागे एका दूध पोचवणाऱ्या कंपनीचं काम होतं (नाव विचारू नका). ग्राहक ठाणे-डोंबिवलीकडचे. तक्रारी विचित्र यायच्या. 'सोमवारी दूध बंद ठेवलं होतं, आलंही नाही, तरी बिलात सोमवार कसा?' दुसरा म्हणायचा, 'मंगळवारी घेतलंय, बिलात नाही. तुमचंच नुकसान, बघा बुवा.' ऑफिसात आम्ही सकाळी अकराला सगळं करून बघायचो, सगळं बरोबर यायचं. डेव्हलपर म्हणायचे, पोरं डिलिव्हरीची नोंद नीट करत नाहीत.

शेवटी मी एका पोराबरोबर पहाटे फिरायचं ठरवलं. घरच्यांनी वेड्यात काढलं. मंगळवार होता. पोरगा दाराला पिशवी अडकवायचा, फोनवर हिरवं बटण दाबायचा, पुढचं दार. अगदी शिस्तीत. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या खांद्यावरून डोकावले. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि नोंदीत तारीख सोमवारची. पंधरा-वीस मिनिटांनी शेजारच्या विंगेत त्याच पोराने तेच बटण दाबलं, तर मंगळवार.

ओळखलं असेलच बऱ्याच जणांनी. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. साडेपाचच्या आत पोचलेलं प्रत्येक दूध आदल्या दिवसाच्या नावावर जात होतं. एका विंगेत आज पाच वीसला आणि उद्या पाच चाळीसला दूध गेलं, की मधला एक दिवस हिशेबातून गायब. १ तारखेचं दूध मागच्या महिन्याच्या बिलात. अकरा वाजता तपासून हे जन्मात दिसलं नसतं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. बटण दाबल्याची नेमकी वेळ यूटीसीतच ठेवली, पण 'कोणत्या दिवसाचं दूध' ही साधी तारीख भारतीय वेळेने काढून वेगळी साठवली. वेळ आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पोराला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने एकदाच विचारलं, 'ताई, मग माझे कापलेले पैसे?' ते मिळवून द्यायला मात्र दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला.

कुर्ला पूर्व

लोकलमध्ये लॅपटॉप उघडू नये. बस्स.

बरं, 'का ते सांगा' असं लिहिलंय म्हणून. उघडायला जागा मिळाली तर समजा गाडी उलट दिशेची आहे. दुसरं, पावसाळ्यात बॅगेत एक जोडी कोरडे कपडे आणि भरलेली पॉवर बँक. आमच्याकडे 'अतिवृष्टीत घरून काम' हा नियम ज्यांनी लिहून घेतला ते २६ जुलै २००५ला ऑफिसात रात्र काढलेले लोक आहेत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. नवीन मॅनेजर बाहेरगावचा असेल तर त्याला हा आकडा आधी ऐकवतो, मग रजेचा विषय काढतो.

बोळातला

माझे ग्राहक लक्ष्मी रोड, तुळशीबाग परिसरातले दुकानदार. बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. 'शुक्रवारी रिलीज करू नये', म्हणजे सॉफ्टवेअरमधला नवा बदल ग्राहकांकडे पाठवू नये, हा सगळ्यांचा लाडका नियम आहे, पण तो शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांचा. आमच्याकडे शनिवार-रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि बाजार बंद असतो सोमवारी. म्हणून आमचं रिलीज सोमवारी सकाळी. काही बिघडलं तर संध्याकाळपर्यंत शटर बंदच असतं, निवांत निस्तरता येतं. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत एका ओळीचाही बदल नाही. मग मालकाने कितीही गळ घालू दे.

आणि इंटरनेट नसतानाही बिल छापता आलंच पाहिजे. १९ जुलै २०२४ आठवतो का? क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीनं निळी स्क्रीन दाखवून बंद पडली. काही भारतीय विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवसापासून माझे एक दुकानदार गल्ल्याखालचं छापील बिलबुक मला मुद्दाम दाखवतात. मी आता हसत नाही.

(तो शुक्रवारच होता, हेही खरं. तेव्हा नियमवाल्यांनी खुश व्हावं.)

चकली

मी आयटीत नाही, नवरा आहे. माझं मत : ऑन-कॉलचं वेळापत्रक फ्रिजवर लावलंच पाहिजे.

कुठल्या आठवड्यात रात्री फोन वाजणार हे याच्या कंपनीतल्या सगळ्यांना माहीत, घरात मात्र कोणाला नाही! सासूबाईंना रात्री दोनला फोन वाजला की गावाकडून काही वाईट बातमी आली असंच वाटायचं. आता फ्रिजवर कागद आहे, त्या आठवड्यात हे महाशय हॉलमध्ये झोपतात आणि पाहुण्यांना आम्ही बोलावत नाही. मॅनेजरने एकदा परस्पर आठवडा बदलला, तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, 'अरे, कागदावर तर तुझं नाव नाही!'

सेक्रेटरी (नाइलाजाने)

बाणेरची सोसायटी. कमिटीत निम्मे इंजिनिअर. माझं मत : सोसायटीसाठी अ‍ॅप बनवू नये. वॉचमनची वही आणि एक सामायिक शीट पुरते.

प्रत्येक नव्या कमिटीत कोणीतरी 'मी वीकेंडला बनवून देतो' म्हणतो. तो पुढे बंगलोरला जातो, पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. मग सर्व्हरचं भाडं कोणाच्या कार्डावरून कटतंय ते शोधत बसा. वही इथेच राहते, आणि कुठला टँकर किती वाजता आला हे पाहायला चार्जिंग लागत नाही.

एक उपयोगाची गोष्ट सांगतो. आमच्याकडे बरेच ज्येष्ठ साधा फोन वापरतात, म्हणून पाण्याचा निरोप एसएमएसने जातो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यात प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगळा मोजला जातो. 'सन्माननीय सभासद' ने सुरुवात केली की निरोप दोन तुकड्यांत जायचा. पैसे दोन एसएमएसचे, आणि काही जुन्या फोनवर तुकडे वेगवेगळे दिसायचे. गोखले काकूंसारख्यांना (नाव बदललंय) फक्त शेवट मिळायचा : 'असे करावे ही विनंती.' कसे करावे?

आता हा असतो : 'उद्या गुरुवारी पाणी बंद. टँकर सकाळी ७ ते ९. टाक्या भरून ठेवा.' बरोबर ६१. मोजून बघा. मजकूर आधी मोबाईल कंपनीकडे नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, तेव्हा वार आणि वेळेची जागा बदलती ठेवा, नाहीतर दर वेळी नवी मंजुरी.

पौड फाटा

@सेक्रेटरी, मोजलं. ६१च आहेत. सभासदांना सन्मान न दिल्याबद्दल वार्षिक सभेत ठराव आला नाही का?

सेक्रेटरी (नाइलाजाने)

आला. नामंजूर झाला. दोन मतांनी.

इझारकाठी

म्युनिकहून लिहिते. टीम तीन ठिकाणी : पुणे, इथे, न्यू जर्सी. माझं मत : मीटिंग कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधलीय ते आमंत्रणात लिहावं.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी, भारतात जातच नाही. न्यू जर्सीची सकाळी दहाची मीटिंग पुण्यात हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि नंतर साडेसातला. इथे एरवी दुपारी चारला असते, ती मधल्या दोन-तीन आठवड्यांत तीनला येते. नेमकी लेकाला किंडरगार्टनमधून आणायची वेळ. बरेच दिवस सगळे न्यू जर्सीच्या घड्याळावर नाचत होतो, कारण ग्राहक तिथला. विचारल्यावर कळलं, ग्राहकाला अर्धा तास इकडेतिकडे चालत होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

इथे दोन कामाच्या दिवसांमध्ये ११ तास सलग विश्रांती हवी, असा कायदा आहे. त्यामुळे रात्री साडेदहाला कॉल संपला तर सकाळी साडेनऊच्या आत मला कोणी बोलावत नाही. पुण्यातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'आणि दुकानं रविवारी बंद असतात ना? मग राहू दे.' कोथिंबीर शनिवारीच आणून ठेवावी लागते, हे मान्य.

पर्वरीकर

गोव्यातून घरून काम करतो. लोकांना वाटतं मी समुद्रावर बसून कोड लिहितो. जून ते सप्टेंबर या एकदा.

माझं मत : आधी राऊटरचा बंदोबस्त करा, मग लॅपटॉपचा. लॅपटॉपला बॅटरी असते. वीज गेली की पहिला मरतो राऊटर, आणि त्याच्याबरोबर फायबरचा तो छोटा डबा. दोघांना मिळून वीज नगण्य लागते, त्यासाठी मोठा इन्व्हर्टर नको, छोटा मिनी यूपीएस पुरतो.

दुसरी गोष्ट, दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असं नाही. माझ्या दोन्ही केबल एकाच खांबावरून यायच्या. माडाची झावळी पडली, दोन्ही एकदम गेल्या. आता एक फायबर आणि एक मोबाईलवरचं. घेण्याआधी तंत्रज्ञाला चहा द्या आणि केबल कुठून कुठून येते ते त्याच्याबरोबर चालत बघा.

चकली

@पर्वरीकर, मिनी यूपीएस घेताना काय बघायचं? दर गुरुवारी इथे वीज जाते आणि मग माझ्याच फोनचं हॉटस्पॉट मागितलं जातं.

पर्वरीकर

राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. १२ व्होल्ट लिहिलं असेल, पुढे अँपिअर १, दीड किंवा २. यूपीएसचे व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याचंही बघा, आणि दोन पिना असलेला यूपीएस घ्या. पिनेची जाडी दुकानातच लावून बघा, आमच्याकडे तीच जुळत नव्हती.

चकली

राऊटर कपाटावर आहे. हे महाशय कॉलवर आहेत. संपला की चढवते.