एसक्यूएल सर्व्हरमधून एएस/४०० वरचा आरपीजी प्रोग्राम कसा चालवायचा?

वेर्णा_स्टोअर्स:
वेर्ण्याच्या कारखान्यातला साठा एएस/४०० वर (आयबीएमचा व्यावसायिक संगणक) आहे, पणजीच्या ऑफिसात एसक्यूएल सर्व्हर २०१९ (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस). ऑर्डर पक्की झाली की पणजीच्या प्रोसीजरमधून (डेटाबेसात साठवलेला प्रोग्राम) माल राखून ठेवणारा, आरपीजी या एएस/४०० वरच्या भाषेतला प्रोग्राम चालवायचाय. पॅरामीटर तीन: १० अक्षरी आयटम कोड, मात्रा (पॅक्ड, म्हणजे एका बाइटमध्ये दोन आकडे; ९ आकडे, त्यातले २ दशांश) आणि परत येणारा एक अक्षरी निकाल. ओडीबीसीवरून (डेटाबेस जोडायची ठरलेली पद्धत) एएस/४०० हा एसक्यूएल सर्व्हरला लिंक्ड सर्व्हर म्हणून जोडलाय, ओपनक्वेरीने तिथली टेबलं वाचता येतात. पण कॉल दिला की ७४११ क्रमांकाची चूक येते. एएस/४०० वरच क्यूसीएमडीएक्ससीमधून (कमांड चालवणारा प्रोग्राम) चालवून पाहिला तर एमसीएच१२०२, दशांश डेटाची चूक. आणि ऑर्डरचं ट्रॅन्झॅक्शन उघडं असतानाच कॉल दिला तर चालेल का? हे सगळं चतुर्थीआधी उभं करायचंय.

फोंडा_आरपीजी:
बाब, या दोन वेगळ्या चुका आहेत.

७४११ म्हणजे लिंक्ड सर्व्हरवर 'आरपीसी आउट' (तिथल्या प्रोसीजरला कॉल द्यायची परवानगी) बंद आहे. एसपी_सर्व्हरऑप्शनने ते ट्रू करा. मग एक्झेक्युट ... ॲट वापरा: कंसात कॉलचं वाक्य, पॅरामीटरच्या जागी प्रश्नचिन्हं, पुढे व्हेरिएबल्स. निकालाच्या व्हेरिएबलला आउटपुट लावायला विसरू नका, नाहीतर ते रिकामंच परत येतं.

दुसरी चूक कमांडच्या रस्त्याने गेल्यामुळे आहे. कमांडमध्ये लिहिलेला आकडा नेहमी १५ आकडी, ५ दशांश पॅक्ड होऊन जातो, म्हणजे ८ बाइट. २५० पाठवलेत तर मेमरीत पडतं: ०० ०० ०० ०२ ५० ०० ०० ०एफ. तुमचा प्रोग्राम ९ आकडी पॅक्ड म्हणून पहिले ५ बाइटच उचलतो: ०० ०० ०० ०२ ५०. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह हवं, तिथे शून्य आहे. म्हणून एमसीएच१२०२.

तेव्हा क्यूसीएमडीएक्ससी सोडा आणि प्रोग्रामला बाहेरची प्रोसीजर म्हणून नोंदवा: क्रिएट प्रोसीजर, लँग्वेज आरपीजीएलई, पॅरामीटर स्टाइल जनरल, एक्स्टर्नल नेममध्ये लायब्ररी आणि प्रोग्राम. मात्रा डेसिमल (९,२) लिहा. आरपीजीत ती झोन्ड (एका बाइटमध्ये एकच आकडा) असती तर न्यूमेरिक लिहावं लागलं असतं. हा फरक डोळ्यांआड झाला की पुन्हा तीच चूक.

लायब्ररी लिस्टही (फाइली कुठे शोधायच्या ती यादी) तपासा. तुमच्या स्क्रीनवर सापडणाऱ्या फाइली क्यूझेडडीएएसओआयनिट जॉबला (ओडीबीसीवरून आलेले कॉल एएस/४०० वर चालवणारा) सापडतीलच असं नाही. त्याला मिळते ती जोडणीच्या युजरच्या जॉब डिस्क्रिप्शनमधली यादी.

मांडवी_डीबीए:
ट्रॅन्झॅक्शनच्या आत कॉल देऊ नका, हे मी ठासून सांगते. बिगिन ट्रॅन उघडं असलं की एसक्यूएल सर्व्हर व्यवहार एमएसडीटीसीकडे (दोन सर्व्हरांवरचा व्यवहार एकत्र सांभाळणारी विंडोजची सेवा) नेऊ पाहतो आणि ७३९१ ही चूक येते. 'रिमोट प्रॉक ट्रॅन्झॅक्शन प्रमोशन' फॉल्स केलंत तर चूक दिसेनाशी होते, पण मग पणजीत रोलबॅक झाला, म्हणजे व्यवहार मागे घेतला गेला, तरी वेर्ण्यात माल राखलेलाच राहतो.

आधी ऑर्डर 'प्रलंबित' म्हणून कमिट करा, मग कॉल द्या, निकाल आला की स्थिती बदला. चौथा पॅरामीटर म्हणून विनंती क्रमांक वाढवा आणि एएस/४०० वर त्याची युनिक की असलेली (तोच क्रमांक दोनदा न घेणारी) फाइल ठेवा. पावसात लाइन तुटली तर काम झालेलं असतं, उत्तर मात्र पोचलेलं नसतं. पुन्हा कॉल गेला की प्रोग्रामने आधी क्रमांक शोधावा, सापडला तर जुनाच निकाल परत द्यावा.

वेर्णा_स्टोअर्स:
७४११ गेला, मात्राही बरोबर पोचते. देव बरें करूं! पण दिवसातून एक-दोनदा कॉल दहा मिनिटं लटकतो आणि टाइमआउट होतो.

डिचोली_ऑपरेटर:
दहा मिनिटं म्हणजे 'रिमोट क्वेरी टाइमआउट'चे मूळचे ६०० सेकंद. तो वाढवून काही साधणार नाही. लटकलेला असतानाच जोडणीच्या युजर प्रोफाइलवर डब्ल्यूआरकेओबीजेएलसीके (कोणता जॉब काय धरून बसलाय ते दाखवणारी कमांड) चालवा, जॉब सापडेल. स्थिती एमएसजीडब्ल्यू (संदेशाच्या उत्तरासाठी थांबलेला) असणार आणि संदेश बहुधा आरएनक्यू१२१८ (रेकॉर्ड मिळाला नाही).

स्टोअर्समध्ये कोणीतरी तोच आयटम बदलायला उघडून ठेवलेला असतो. फाइलचा रेकॉर्डसाठी थांबायचा वेळ मूळचा ६० सेकंद. तो संपला की आरपीजी विचारतो, पुढे काय करू? उत्तर द्यायला तिथे माणूस नाही. पणजीतून कॉल तोडला तरी तो प्रश्न तसाच उभा राहू शकतो.

चेनला (रेकॉर्ड वाचायची आरपीजीची आज्ञा) चूक प्रोग्राममध्येच पकडणारा (ई) लावा आणि स्टेटस १२१८ आला तर निकालात 'एल' पाठवा, पणजीने दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. बाकीच्या चुकांसाठी प्रोग्रामवर एक छोटा सीएल (एएस/४०० च्या कमांडचा प्रोग्राम) घाला: सीएचजीजॉबने आयएनक्यूएमएसजीआरपीवाय *डीएफटी (प्रश्नांना ठरलेलं उत्तर आपोआप जावं म्हणून), आणि कॉलनंतर चूक पकडणारं एमओएनएमएसजी. मग प्रश्न न विचारता प्रोग्राम रद्द होतो, डंप स्पूलमध्ये पडतो आणि सीएल 'ई' परत देतो. प्रोसीजरच्या एक्स्टर्नल नेममध्ये आता या सीएलचं नाव घाला, लँग्वेजही सीएल करा.