अडचणीत आलेले बेसबॉल संघ मोठ्या शहरात हलवावेत का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

माझा आतेभाऊ बरीच वर्षे कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे राहतो आणि त्याच्या नादाने मलाही बेसबॉलची गोडी लागली. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी सात-साडेसातला सुरू होत, त्यामुळे कामावर निघण्यापूर्वी दोन-तीन इनिंग मोबाईलवर पाहून होत असत. अर्थात पावसाळ्यात वीज आणि रेंज या दोघींची मर्जी असली तर. 2023 मध्ये मालकांनी संघ लास वेगासला नेण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर लीगच्या (उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीग) संघमालकांनी एकमताने त्यास मान्यता दिली, आणि 26 सप्टेंबर 2024 रोजी ओकलंडच्या कोलिझियममध्ये 46,889 प्रेक्षकांसमोर शेवटचा सामना झाला. लास वेगासचे नवे स्टेडियम 2028 साठी ठरले आहे. तोपर्यंत वेस्ट सॅक्रामेंटोतील एका दुय्यम लीगच्या मैदानावर, जिथे जेमतेम 14,000 माणसे मावतात, संघाचा मुक्काम आहे.

यावरून माझे आणि भावाचे दर फोनला वाजते. माझे म्हणणे असे की, 2023 च्या संपूर्ण हंगामात ज्या संघाला घरच्या मैदानावर साडेआठ लाखही प्रेक्षक मिळाले नाहीत, त्याने रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळत तिथेच का थांबावे? भाऊ म्हणतो की मालकाने संघ आधी जाणूनबुजून रोडावू दिला आणि मग तो रोडावला हेच कारण दाखवून उचलून नेला. अडचणीतल्या संघांना मोठ्या बाजारपेठेत जाऊ द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कोणत्या कसोटीवर, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मांडवी (रत्नागिरी)

अडचणीतला संघ लहान गावातून मोठ्या शहराकडे जातो, असे आपल्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे, पण इतिहासात बऱ्याचदा याच्या उलट घडलेले दिसते. 1903 नंतर जवळजवळ अर्धे शतक मेजर लीगमधील एकाही संघाने शहर बदलले नव्हते. मग लागोपाठ तीन वर्षांत तीन संघ निघाले: 1953 मध्ये ब्रेव्ह्ज बॉस्टनहून मिलवॉकीला, 1954 मध्ये ब्राउन्स सेंट लुईसहून बाल्टिमोरला आणि 1955 मध्ये हेच आपले अ‍ॅथलेटिक्स फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला. फिलाडेल्फियापुढे कॅन्सस सिटी किंवा बॉस्टनपुढे मिलवॉकी ही काही मोठी बाजारपेठ नव्हे. मात्र सोडलेल्या तिन्ही शहरांत प्रत्येकी दोन संघ होते आणि निघालेला प्रत्येक संघ त्या जोडीतला दुबळा भागीदार होता. ब्रेव्ह्जना 1952 मध्ये बॉस्टनला वर्षभरात 2,81,278 प्रेक्षक मिळाले होते. पुढच्याच वर्षी मिलवॉकीत हा आकडा 18 लाखांच्या पुढे गेला. म्हणजे त्यांना हवे होते ते वाटेकरी नसलेले शहर, आणि ते लहान असूनही पुरले.

अर्थात तेच मिलवॉकी पुढे पोरके झाले. तिथल्या संघाने 1957 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली, हंगामाला वीस लाखांवर माणसे येत होती. परंतु 1962 मध्ये शिकागोच्या एका गटाने संघ विकत घेतला, दक्षिणेकडील राज्यांतल्या दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर त्यांचा डोळा गेला आणि 1966 मध्ये ब्रेव्ह्ज अटलांटाला पोहोचले. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला गेलेल्या ब्रुकलिन डॉजर्सचे उदाहरण इथे कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो की तो अडचणीतला संघ नव्हता, चांगला नफ्यातला होता.

दुसरा मुद्दा हद्दीचा. न्यूयॉर्क ही सर्वांत मोठी बाजारपेठ असली तरी तिथे कुणाला जाता येत नाही, कारण यांकीज आणि मेट्स या तिथल्या संघांचा त्या प्रदेशावर हक्क आहे. अ‍ॅथलेटिक्सना सॅन होजेला जायचे होते, जे आपल्या बंधूंच्या फ्रीमाँटपासून जवळच आहे. पण तो भाग सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या हद्दीत मोडतो आणि जायंट्सनी तो सोडला नाही. सॅन होजे शहर न्यायालयात गेले. परंतु बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून 1922 च्या एका निकालाने जी सूट मिळाली आहे, ती आडवी आली आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. जिथे गिऱ्हाईक होते तिथे जाण्यास बंदी, आणि मंजुरी मिळाली ती लास वेगासला, जी प्रक्षेपणाच्या हिशोबात ओकलंडच्या खाडी परिसरापेक्षा कितीतरी लहान बाजारपेठ आहे. तेव्हा या प्रकरणाला ‘मोठ्या बाजारपेठेकडे स्थलांतर’ म्हणणेच मला पटत नाही.

विजयदुर्ग (देवगड)

मांडवीसरांचा इतिहास मान्य आहे, तरीही काही वेळा संघ हलवणे हाच कमी वाईट मार्ग असतो असे माझे मत आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल एक्स्पोजचे पाहा. 12 ऑगस्ट 1994 रोजी खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा 74 विजय आणि 40 पराभव अशी संपूर्ण मेजर लीगमधील सर्वोत्तम कामगिरी त्यांच्या नावावर होती. वर्ल्ड सिरीज त्या वर्षी झालीच नाही, पाठोपाठ चांगले खेळाडू एकेक करून गेले आणि प्रेक्षक पुन्हा परतले नाहीत. 2002 मध्ये लीगलाच तो संघ विकत घ्यावा लागला, आणि 2003 व 2004 मध्ये त्याचे काही ‘घरचे’ सामने प्युर्टो रिकोतील सॅन हुआनला खेळवण्याची वेळ आली. घरच्या सामन्यासाठी समुद्र ओलांडून जाणाऱ्या संघाला घर आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? 2005 मध्ये तो वॉशिंग्टनला गेला, नॅशनल्स झाला आणि 2019 मध्ये त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली.

शिवाय या खेळात खेळाडूंच्या एकूण पगारावर कडक कमाल मर्यादा नाही. डॉजर्सनी जपानी खेळाडू शोहेई ओहतानीशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला. ज्या संघाचे स्थानिक उत्पन्नच तुटपुंजे आहे, त्याने दर दोन-तीन वर्षांनी उभरते खेळाडू विकायचे आणि चाहत्यांनी नव्या पोरांची नावे पाठ करायची, हे चक्र भावनेच्या नावाखाली किती काळ चालू ठेवायचे?

पिंगुळी (कुडाळ)

देवगडकरांनी ओहतानीचे नाव काढले, म्हणून लिहायला बसलो. तो अमेरिकेला जाण्यापूर्वी 2013 ते 2017 ज्या निप्पॉन-हॅम फायटर्सकडून खेळला, तो संघ मुळात टोकियोचा. टोकियो डोममध्ये योमिउरी जायंट्ससारख्या बलाढ्य संघाच्या सावलीत त्याला कुणी विचारत नव्हते. 2004 मध्ये तो उत्तरेकडे होक्काइडो बेटावरील साप्पोरोला गेला, म्हणजे देशातील सर्वांत मोठी बाजारपेठ सोडून गेला. दोनच वर्षांत, 2006 मध्ये, त्याने जपान सिरीज जिंकली, 2016 मध्ये पुन्हा जिंकली, आणि 2023 पासून किताहिरोशिमा येथे तो स्वतःच्या नव्या मैदानावर खेळतो. मांडवीसरांचे ‘वाटेकरी नसलेले शहर’ हेच.

हिरोशिमा कार्पची गोष्ट याहून वेगळी आहे. अणुबॉम्बने बेचिराख झालेल्या शहरात तो संघ 1950 मध्ये खेळू लागला आणि दुसऱ्याच वर्षी पैशांअभावी बुडायला आला, तेव्हा लोकांनी मैदानाबाहेर पिंपे ठेवून त्यांत वर्गणी गोळा केली आणि संघ गावातच राहिला. पहिले लीग विजेतेपद मिळायला 1975 उजाडले. इतकी वर्षे हरणारा संघ अमेरिकेत एका जागी राहिला असता का, याविषयी मला शंका आहे.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. बेसबॉल शालेय स्पर्धांच्या यादीत असल्याने मुलांना शिकवतो. ग्लोव्ह अपुरे असल्यामुळे डाव संपला की क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनी ते मैदानावरच ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूने उचलायचे, अशी आमची पद्धत आहे. पण आपल्याकडे मुरला आहे तो कबड्डीचा संघ. कोकणातली चढाई करणारी चांगली पोरे बँकांच्या आणि कंपन्यांच्या संघांतून खेळण्यासाठी मुंबईला गेली, आजही जातात. मंडळ मात्र गावाच्या नावानेच राहते, कारण ते उचलून नेता येईल अशी कुणा एकाची मालमत्ता नाही. अमेरिकेतली फ्रँचाइझी ही नेमकी तशी मालमत्ता आहे, आणि वादाचे मूळ मला शहराच्या आकारापेक्षा तिथे दिसते.

रेवदंडा (अलिबाग)

स्टेडियमचा खर्च कुणाच्या खिशातून जातो याबद्दल अजून कुणी लिहिले नाही. मी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखा विभागात काम केले असल्यामुळे माझी नजर आधी तिकडे गेली. लास वेगासच्या स्टेडियमसाठी नेवाडाच्या विधिमंडळाने जून 2023 मध्ये 38 कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक निधी मंजूर केला. वॉशिंग्टनचे 2008 मध्ये सुरू झालेले मैदान बहुतांशी सार्वजनिक पैशानेच बांधले गेले. ते यश मोजताना देवगडकरांनी हा खर्चही मोजायला हवा होता. संघांची संख्या लीगने 30 वर रोखून धरलेली असल्याने संघ हवा असणारी शहरे नेहमीच जास्त असतात. त्यामुळे प्रत्यक्ष स्थलांतर क्वचित होत असले तरी स्थलांतराची धमकी कायम उपयोगी पडते, आणि प्रत्येक नगराध्यक्षाला ती खरी मानूनच वागावे लागते.

यावरचा उतारा मिनेसोटाच्या उदाहरणात थोडाफार सापडतो. 2001 च्या नोव्हेंबरमध्ये संघमालकांनी दोन संघ कायमचे बंद करण्याचा ठराव केला आणि एक्स्पोजबरोबर मिनेसोटाच्या ट्विन्स संघाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. मेट्रोडोम हे मैदान ज्या सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात होते ते न्यायालयात गेले, आणि भाडेकरार केला आहे तर 2002 चा हंगाम इथेच खेळावा लागेल असा आदेश मिळाला. बंद पडू घातलेल्या त्या संघाने त्या वर्षी आपला विभाग जिंकला. पुढे 2010 मध्ये त्यांना टार्गेट फील्ड मिळाले. त्यासाठीही हेनेपिन काउंटीने विक्रीकर वाढवला, म्हणजे करदाता सुटला नाहीच. तरीही माझी कसोटी साधी आहे: ज्या मालकाला जायचे असेल त्याने नव्या शहराकडून एक पैसाही न घेता जावे आणि जुन्या शहराचे मैदानावरचे उरलेले कर्ज फेडून जावे. या अटीवर किती मालकांना मोठ्या बाजारपेठेची ओढ उरते ते पाहता येईल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे आभार. आपले प्रतिसाद भावाला वाचून दाखवले, तेव्हा त्याने एक गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली. 13 जून 2023 रोजी ओकलंडच्या चाहत्यांनी बहिष्काराच्या उलट प्रकार केला. मालकांनी संघ विकावा म्हणून ‘सेल’ (विका) असे छापलेले हिरवे शर्ट फुकट वाटले आणि एरवी ओस पडलेल्या मैदानावर मंगळवारच्या रात्री 27,759 लोक जमवले. त्याच्या मते लोक खेळाला कंटाळले नव्हते, मालकाला कंटाळले होते. हे मला पटले. मात्र त्या रात्री समोर फ्लोरिडाचा टॅम्पा बे रेज हा संघ होता, आणि त्यांनी 2008 व 2020 मध्ये वर्ल्ड सिरीज गाठूनही त्यांचे मैदान भरत नाही. मग तिथे दोष कुणाचा?

मांडवी (रत्नागिरी)

तिथे बराचसा दोष जागेचा आहे. ट्रॉपिकाना फील्ड हे मैदान सेंट पीटर्सबर्गला, द्वीपकल्पाच्या एका टोकाला आहे आणि टॅम्पाकडची मोठी वस्ती खाडीच्या पलीकडे. कामाच्या दिवशी संध्याकाळी पुलावरच्या वाहतुकीतून तिकडे जायचे म्हणजे सामन्याच्या अर्ध्या इनिंग वाटेतच संपायच्या. ऑक्टोबर 2024 च्या मिल्टन चक्रीवादळाने त्या मैदानाचे छप्पर फाडले, 2025 चा हंगाम संघ नाइलाजाने टॅम्पातील एका छोट्या मैदानावर खेळला, नव्या स्टेडियमचा सेंट पीटर्सबर्गमधील करार त्याच वर्षी मार्चमध्ये मोडला आणि पुढे संघाची मालकीही बदलली. अशा संघाला दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी खाडी ओलांडून टॅम्पात कायमचे नेऊन पाहावे, असे मला वाटते. बाजारपेठ तीच राहील, चाहते तेच राहतील आणि प्रक्षेपणाचे करारही मोडावे लागणार नाहीत. रेवदंडाकरांची कर्जफेडीची अट तिथेही लावावी, त्याला माझी हरकत नाही.